फोटो उडवून रॅम वाढत नाही, दादा!

‘फोन हळू चालतोय? रॅम भरली आहे! फोटो-व्हिडिओ ताबडतोब उडवा, ट्रॅशही रिकामी करा. दर तासाला सगळी अ‍ॅप बंद करा. कॉम्प्युटरला 16 जीबीचा पेन ड्राइव्ह लावा, रॅम तेवढी वाढेल. 256 जीबीचा फोन 128 जीबीच्या दुप्पट वेगाने चालतो.’

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर हे फिरतंय तोवर मी गप्प होतो. पण चोपड्याकडच्या माझ्या चुलतभावाने ते खरं मानून वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेचे फोटो उडवले. विम्यासाठी काढलेले. ट्रॅशसकट. आणि वर मलाच फोन, “इतलं करीसन बी हळूच चालस भो!”

चालणारच. फोटो रॅममध्ये नव्हतेच. फोनच्या खोक्यावर ‘4 जीबी + 64 जीबी’ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रॅमचा, म्हणजे मेमरीचा, दुसरा स्टोरेजचा. फोटो, गाणी, भरीत पार्टीचे व्हिडिओ सगळे दुसऱ्यात. अ‍ॅप उघडलं की त्याला त्या घडीला लागतं तेवढंच पहिल्यात येतं. पिठाचा डबा रिकामा केला म्हणून परात मोठी होते का?

पुरावा घरच्या घरी मिळतो. फोन रात्रभर बंद ठेवा. सकाळी फोटो जागेवर असतात. रॅममध्ये असते तर राहिलेच नसते. रॅममधली माहिती विजेच्या इवल्याशा भारावर टिकते आणि तो भार गळत राहतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत ती पुन्हा ताजी करावी लागते. वीज गेली की खेळ खलास. स्टोरेजला विजेवाचून माहिती धरून ठेवता येते, म्हणून तर फोटो तिथे ठेवतात!

बरं, एक गोष्ट मान्य. स्टोरेज अगदी काठोकाठ भरलं तर फोन अडखळतो. स्टोरेजच्या फ्लॅश चिपवर जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक, म्हणजे जागेचा एक मोठा तुकडा, पुसावा लागतो, आणि मोकळी जागा नसली की ही हलवाहलव वाढते. पण मग ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ उडवा ना! कामाचे फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग इथले काढा.

दर तासाला अ‍ॅप बंद करायचा सल्ला तर उलटाच. अँड्रॉइड बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या तांत्रिक दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की मोकळी पडलेली मेमरी म्हणजे वाया गेलेली मेमरी, या धोरणावरच ही प्रणाली चालते. म्हणून वापरलेली अ‍ॅप ती मुद्दाम रॅममध्ये ठेवते आणि जागा कमी पडली की स्वतःच काढते. तुम्ही बंद केलेलं अ‍ॅप पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं. वेळही जातो, बॅटरीही. एखादं अ‍ॅप अडकलं तर तेवढंच बंद करा.

पेन ड्राइव्हची अफवा बहुधा विंडोज व्हिस्टाच्या ‘रेडीबूस्ट’वरून आली असावी. 2007 ची गोष्ट. त्यात पेन ड्राइव्ह हार्ड डिस्कच्या मदतीला यायचा. रॅम तेव्हाही वाढत नव्हती.

आणि 256 जीबी म्हणजे जागा जास्त. वेग विचारायचा तर दुकानदाराला प्रोसेसर आणि पहिला आकडा विचारा. दादाच्या फोनचा पहिला आकडा 2 आहे. रॅमची चिप बोर्डावरच बसवलेली, बदलता येत नाही. अख्खी गॅलरी पुसली तरी तो 2 च राहणार.