हार्वर्डमध्ये आता फक्त सॅटचा स्कोअर चालतो? खुलासा

ग्रुपवर फिरतंय की सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निकालानंतर अमेरिकेत लेगसी, म्हणजे आईवडील त्याच कॉलेजात शिकलेत म्हणून प्रवेशात मिळणारं झुकतं माप, बंद झाली, आता फक्त सॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर बघतात. चुकीचं आहे हे. त्या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार करून दिले जाणारे प्रवेश थांबवले, लेगसी तशीच राहिली. एमआयटी लेगसी बघतच नाही, जॉन्स हॉपकिन्स, अ‍ॅमहर्स्टने स्वतःहून सोडलं, कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी आली, पण ज्यात हा निकाल लागला त्या हार्वर्डच्याच केसमध्ये बाहेर आलेले आकडे बघा ना, लेगसीवाल्यांपैकी साधारण 33 टक्के आत आणि एकूण अर्जदारांपैकी जेमतेम 6. हार्वर्डने सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी परत सक्तीची केलीय हे खरं, पण निबंध, शिफारसपत्रं सगळं बघतात, त्यामुळे प्लीज नुसत्या स्कोअरच्या भरवशावर पोरांना आशा लावू नका.