'बिझनेस स्कूल'चा क्रमांक 62वा?

माझा भाचा गोव्यात पर्वरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अमेरिकन 'द ऑफिस' ही मालिका पाहण्याची सवय त्याला मीच लावली, आणि आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानेच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या भागांची क्रमवारी टाकली. एकूण 201 भागांपैकी निवडक शंभर, प्रत्येकापुढे दहापैकी गुण आणि एका ओळीचा शेरा, असा सगळा थाट होता. यादी वाचता वाचता माझा डबा तसाच उघडा राहिला. 'कॅज्युअल फ्रायडे' सहाव्या क्रमांकावर आणि 'बिझनेस स्कूल' 62व्या! त्यापुढचा शेरा असा : 'ठीक, पण हसू कमी.' ग्रुपवर उत्तर दिले असते तर बहिणीला वाईट वाटले असते, म्हणून इथे लिहीत आहे. भाचा इथेही आहेच. त्याने वाचावे.

प्रथम 'कॅज्युअल फ्रायडे'चा निकाल लावते. पाचव्या पर्वातल्या या भागाच्या आरंभी, शीर्षकसंगीत वाजण्यापूर्वी, ऑफिसातला हिशेबनीस केव्हिन घरून मोठ्या कष्टाने शिजवून आणलेले चिली नावाच्या तिखट रश्श्याचे पातेले ऑफिसच्या गालिच्यावर सांडतो आणि हाताला येईल त्या कागदाने ते परत पातेल्यात भरू पाहतो. हा प्रसंग एका मिनिटाच्या आसपासचा आहे, तो उत्तम आहे, आणि मीही तो असंख्य वेळा पाहिलेला आहे. परंतु त्यानंतर उरलेल्या वीस मिनिटांत काय घडते, असे मी भाच्याला फोनवर विचारले तेव्हा त्याला धड सांगता येईना. याचा अर्थ त्याने भागाला गुण दिलेले नाहीत, मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्याला दिलेले आहेत. 'पार्कूर' असे ओरडत फर्निचरवरून उड्या मारण्याच्या प्रसंगाचेही तेच. अर्ध्या यादीत त्याने तुकडेच मोजले आहेत आणि त्यावर भागांची नावे लिहिली आहेत. नाटकाला गेल्यावर केवळ टाळीच्या वाक्यांवरून नाटकाची किंमत ठरवणारा प्रेक्षक आपल्यापैकी कोणालाही आवडणार नाही. मग इथेच ही सवलत कशासाठी?

'बिझनेस स्कूल' हा तिसऱ्या पर्वातला भाग 15 फेब्रुवारी 2007 रोजी प्रसारित झाला आणि जॉस व्हीडनने तो दिग्दर्शित केला. ऑफिसात काम करत बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा रायन आपल्या वर्गासमोर भाषण द्यायला साहेबाला, म्हणजे मायकल स्कॉटला, बोलावतो. मायकल तिथे पोहोचण्यापूर्वीच हा मुलगा वर्गाला सांगून मोकळा होतो की आमची ही कागद विकणारी कंपनी काही वर्षांत कालबाह्य होणार आहे. मायकल मात्र एका विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकाची पाने टराटरा फाडत 'खरे शिक्षण' देत सुटतो आणि शेवटी भर वर्गात त्याची शोभा होते. त्याच संध्याकाळी रिसेप्शनवर बसणाऱ्या पॅमच्या चित्रांचे छोटे प्रदर्शन आहे. तिने ऑफिसमध्ये सर्वांना आमंत्रण दिलेले आहे आणि जवळजवळ कोणीही येत नाही. सहकारी ऑस्कर येतो, पण पॅम मागेच उभी आहे हे न कळल्यामुळे तो आणि त्याचा जोडीदार तिच्या चित्रांत धैर्य नाही, प्रामाणिकपणा नाही असे बोलून जातात. आणि पॅम चित्रे उतरवू लागते तेव्हा मायकल उशिरा, धापा टाकत पोहोचतो.

तो चित्रांविषयी शहाणपणाचे एक अक्षर बोलत नाही, कारण त्याला चित्रांतले काही कळतच नाही. ऑफिसच्या इमारतीचे जलरंगातले चित्र पाहून तो आपली खिडकी ओळखतो, आपली गाडी ओळखतो आणि हे चित्र मला विकत हवे असे सांगतो. मला तुझा अभिमान वाटतो, असेही सांगतो. पॅम त्याला मिठी मारते आणि त्या मिठीतही त्याच्या खिशातले चॉकलेट मध्ये येते. माझ्या मते नऊ पर्वांत या दोन मिनिटांच्या तोडीचे दुसरे काही नाही.

आता मी हे का म्हणते ते सांगते, आणि माझ्या ऑफिसमधल्या जुन्या मंडळींना ते अर्धेअधिक ठाऊक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी पणजीत एका सरकारी कार्यालयात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, होते. आमचे हेड क्लार्क म्हणजे हुबेहूब मायकल. प्रत्येकाच्या वाढदिवसाला ते स्वतः रचलेली चारोळी भर सेक्शनमध्ये उभे राहून वाचत, ज्या विनोदावर काल कोणी हसले नाही तोच आज अधिक मोठ्याने सांगत, आणि ते येताना दिसले की आम्ही सगळे एकदम झेरॉक्स मशिनपाशी कामाला लागत असू. त्या वर्षी आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावी जत्रेच्या नाटकात मला राणीची भूमिका मिळाली. मी अख्ख्या कार्यालयाला आमंत्रण दिले. चहा पाजून दिले. सर्वांनी येतो म्हणून सांगितले, आणि ज्यांच्याशी माझे अगदी बहिणीसारखे होते त्यांनीही सांगितले. तुम्हाला अंदाज आलाच असेल. आले ते एकटे हेड क्लार्क. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर आले, पहिल्या रांगेतून वाट काढत आले आणि सरपंचांच्या शेजारी जाऊन बसले.

हे मी कौतुकाने सांगत नाही, एवढे लक्षात घ्या. पुढचे ऐका.

तिसऱ्या अंकात राणीचा मोठा विलाप होता. मी गुडघे टेकून पहिले वाक्य घेतले मात्र, आणि विंगेतून माईकवर घोषणा झाली : अमुक कार्यालयाचे हेड क्लार्क यांच्याकडून आमच्या कार्यालयाच्या कर्तव्यदक्ष एलडीसी यांना 100 रुपयांचे बक्षीस. आपल्याकडे बक्षिसे जाहीर होतात, त्यात नवल नाही. परंतु ती प्रवेश संपल्यावर व्हावीत आणि भूमिकेच्या नावाने व्हावीत एवढे तारतम्य गावातल्या शेंबड्या पोरालाही असते. महाराणीची एका क्षणात कर्तव्यदक्ष एलडीसी झाली. सगळा मंडप हसला. राजपुत्राचे शव म्हणून पडलेला मुलगासुद्धा हसला. मला हेड क्लार्कचा विलक्षण राग आला होता आणि त्या बक्षिसाच्या वेळेबद्दल तो आजही आहे. तरीही माझ्या कार्यालयातून आलेला माणूस एकच होता, आणि तो हा होता. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. 'बिझनेस स्कूल'मध्ये नेमके हेच आहे, आणि हे ज्याला दिसत नाही त्याने 'हसू कमी' असा शेरा मारण्यापूर्वी थोडे थांबावे.

भाच्याने पहिला क्रमांक 'डिनर पार्टी'ला दिला आहे. लेखकांच्या संपानंतर, 10 एप्रिल 2008 रोजी आलेला हा भाग बांधणीच्या दृष्टीने निर्दोष आहे, हे मान्य करावेच लागते. मायकल आणि त्याची जोडीदार जॅन यांच्या घरात ऑफिसातले जिम आणि पॅम अडकतात, तीन तास शिजणारे मांस उशिरा चुलीवर चढते, आणि भिंतीवरच्या त्या इवल्याशा टीव्हीवर शेवटी ट्रॉफी फेकली जाते. एका घरात घडणारे नाटकच ते. पण त्या भागात कोणीही कोणासाठी काही करत नाही. पाहून झाल्यावर मला अंघोळ करावीशी वाटते. भाचा म्हणतो की तेच तर त्याचे यश आहे. असेल.

'स्ट्रेस रिलीफ'विषयी मी थोडक्यात सांगते. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर, 1 फेब्रुवारी 2009 रोजी दाखवलेला हा दुहेरी भाग मालिकेतला सर्वाधिक पाहिला गेलेला भाग आहे, आणि मायकलच्या हाताखालच्या ड्वाइटने लावलेल्या आगीचा आरंभीचा प्रसंग पाहताना आमच्या घरी सासूबाईसुद्धा, एक शब्द न कळता, हसून बेजार झाल्या होत्या. उत्तरार्ध मात्र उगाच ताणलेला आहे. आठ गुण. 'द इंज्युरी'ला नऊ द्यायला माझी काहीच हरकत नाही. पलंगाशेजारच्या ग्रिलवर पाय भाजून घेतलेला साहेब आणि डोक्याला मार लागलेला ड्वाइट यांच्यापैकी खरा रुग्ण कोण, हा वाद ज्यांनी सरकारी कार्यालयात रजेचे अर्ज हाताळले आहेत त्यांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 'कॅसिनो नाइट' स्वतः स्टीव्ह कॅरेलने लिहिला आहे आणि त्यातला वाहनतळावरचा प्रसंग सर्वांना पाठ आहे, साडेआठ.

'स्कॉट्स टॉट्स'ला मात्र भाच्याने चार गुण दिले आहेत, कारण तो त्याला 'पाहवत नाही'. इथे माझा पारा पुन्हा चढला. पाहवत नाही हा दोष कधीपासून झाला? दहा वर्षांपूर्वी मायकलने तिसरीच्या मुलांना शब्द दिलेला असतो की तुम्ही शाळा पूर्ण करा, कॉलेजचा खर्च मी करीन. आता ती मुले त्याच्यासाठी नाचून-गाऊन दाखवतात आणि त्याच्याकडे द्यायला लॅपटॉपच्या बॅटऱ्या तेवढ्या असतात. भयंकर आहे, नाही असे मी म्हणतच नाही. पण परतीच्या वाटेवर रिसेप्शनिस्ट एरिन त्याला सांगते की त्या शब्दामुळेच या वर्गातली बहुतेक मुले शाळेत टिकली. त्याने माफ करण्यासारखे काही केले नाही, आणि तरी काहीतरी झाले. आमच्या हेड क्लार्कनी त्या रात्री माझा प्रवेश धुळीला मिळवला. दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये माझ्या अभिनयावर चारोळीही वाचली, ज्यात 'राणी'चे यमक 'पाणी'शी जुळवले होते. त्यानंतर माझ्या मैत्रिणींपैकी एकीनेही नाटक कसे झाले असे विचारले नाही, कारण त्या आल्या नव्हत्या आणि विचारणे त्यांना अवघड गेले असावे. मी कोणाला दोष देत नाही. रात्री बस नसते, घरी लहान मुले असतात, जत्रेतली नाटके पहाटेपर्यंत चालतात. सगळी कारणे खरी होती. पण हेड क्लार्कनाही पणजीला परत जायला बस नव्हतीच की. ते पहाटेपर्यंत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, बसून राहिले, आणि सकाळच्या पहिल्या कदंब बसने गेले.

'दिवाली' या भागाला भाच्याने नऊ गुण दिले आहेत, आणि ते आपल्या सणाच्या नावावर दिले आहेत असा माझा संशय आहे. मिंडी केलिंगने लिहिलेला आणि 2006च्या नोव्हेंबरमध्ये आलेला हा भाग चांगला आहे, मालिका घडते त्या पेन्सिल्व्हेनियात नरकासुर जाळावा किंवा कोणी पोह्यांचे पाच प्रकार वाढावेत अशी माझी अपेक्षाही नाही. तरीही सणाचा भाग त्यात सजावटीपुरताच आहे. खरा प्रसंग आहे तो मायकल भर कार्यक्रमात माईक हातात घेऊन आपल्या मैत्रिणीला, कॅरोलला, लग्नाची मागणी घालतो तो. माईक, भरलेला मंडप आणि चुकीची वेळ. इथे मला कोण आठवले ते सांगायला नकोच. साडेसात.

मायकल गेल्यानंतरची दोन पर्वे मी गुण देण्याच्या लायकीची मानत नाही, दोन-चार भाग सोडून. मूळ ब्रिटिश मालिका अधिक कसदार आहे, असे सांगणाऱ्या मित्रांना मी आधीच सांगते की ते बरोबर आहेत आणि तो विषय आज नाही. स्टीव्ह कॅरेलला या भूमिकेसाठी एकदाही एमी हे टीव्हीचे पारितोषिक मिळाले नाही, ही मात्र मला आजही वैयक्तिक अपमानासारखी गोष्ट वाटते. 'गुडबाय, मायकल'च्या शेवटी विमानतळावर तो कपड्यांना लावलेला माईक काढून देतो, पॅम धावत येते, आणि ती दोघे काय बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही. त्या भागाला मी नऊ देते, पण त्याचे निम्मे श्रेय 'बिझनेस स्कूल'चे आहे. ती धावत का येते याचे कारण चार पर्वे आधी, जलरंगातल्या त्या चित्रापाशी, तयार झालेले असते.

आणि भाच्याने माझा हा मुद्दा भावनिक आहे असे म्हणू नये, कारण मालिकेच्या निर्मात्यांचेही मत माझ्याच बाजूचे आहे. 16 मे 2013 रोजीच्या अखेरच्या भागात, सर्वजण ऑफिसमधून निघताना, पॅम भिंतीवरून एकच वस्तू उतरवून सोबत नेते : मायकलने विकत घेऊन तिथे टांगलेले तेच चित्र. केव्हिनचे पातेले कोणी नेले नाही.

'बिझनेस स्कूल'मधले वटवाघळाचे उपकथानक लांबले आहे, हे खरे. ऑफिसमध्ये शिरलेले ते वटवाघूळ आणि आपण रक्तपिपासू झाल्याचे जिमने ड्वाइटपुढे केलेले सोंग एखाद्या मिनिटाने कमी झाले असते तर काही बिघडले नसते. त्याचा अर्धा गुण मी कापते, म्हणून 'बिझनेस स्कूल'ला साडेनऊ आणि पहिला क्रमांक. 'डिनर पार्टी' दुसरी. 'स्कॉट्स टॉट्स' तिसरा, आणि त्यावर मी चर्चा करणार नाही. 'कॅज्युअल फ्रायडे'ला सहा, त्यांपैकी चार पातेल्याचे.