‘त्यांना चर्च नकोच असतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. आमच्या वसईच्या ग्रुपवरही आला, खाली हात जोडल्याचे चार-पाच इमोजी घेऊन. मजकूर लांबलचक आहे, पण गोषवारा असा: समलिंगी आणि ट्रान्स लोकांना चर्चबद्दल आस्था नसते, ते येतात ते भांडायला. हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ. ज्या चर्चेसनी त्यांना जवळ केलं ती ओस पडली. एवढंच असेल तर त्यांनी आपलं वेगळं चर्च काढावं. आणि शेवटी, आपल्याकडे कुणी कुणाला हाकलत नाही, तरी त्यांना चर्चमध्ये अवघडल्यासारखं होत असेल तर त्यांचंच मन त्यांना खात असणार.

समलिंगी संबंध पाप की नाही, या वादात मी इथे शिरत नाही. त्यावर बोलणारे माझ्याहून जास्त शिकलेले लोक दोन्ही बाजूंना आहेत. पण मेसेजमधल्या बऱ्याच गोष्टी श्रद्धेच्या नाहीत, वस्तुस्थितीच्या आहेत, आणि त्या तपासता येतात.

आस्थेपासून सुरू करू. लॉस एंजेलिसच्या विल्यम्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०२० मध्ये अमेरिकेतल्या एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स, प्रौढांच्या धार्मिकतेची आकडेवारी दिली. त्यात सुमारे ४७ टक्के लोक मध्यम किंवा बऱ्यापैकी धार्मिक निघाले. कृष्णवर्णीयांमध्ये हेच प्रमाण ७१ टक्के होतं. म्हणजे ज्यांना चर्चशी देणंघेणं नाही असे लोक आहेतच, भरपूर आहेत, आणि चर्चचं नाव काढलं तरी अंगावर काटा येणारेही आहेत. पण त्यांच्यावरून सगळ्यांचा निकाल लावायचा तर उरलेल्या अर्ध्यांना खोटं पाडावं लागेल.

‘भांडायला येतात’ याला पुरावा म्हणून मेसेजने १० डिसेंबर १९८९ ही तारीख दिली आहे. ती खरी आहे. एड्सवर काम करणाऱ्या ‘ॲक्ट अप’ या संघटनेने त्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलवर मोर्चा नेला. बाहेर हजारो लोक होते. काहीजण आत शिरले, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, बंद पडायची वेळ आली, शंभरावर माणसांना अटक झाली. एकाने हातात मिळालेला ख्रिस्तप्रसाद चुरडून टाकला. कुठल्याही कॅथलिक माणसाला हे वाचून राग येईल. मलाही येतो. त्या संघटनेतल्या कित्येकांनाही ते पटलं नव्हतं.

मात्र मेसेजमध्ये १९८९ आहे आणि त्याच्या आधीची वर्षं नाहीत. ‘डिग्निटी’ हा समलिंगी कॅथलिकांचा गट १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एका ऑगस्टिनियन धर्मगुरूंनीच सुरू केला. न्यूयॉर्कमध्ये हे लोक सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये जमून मिस्सा करायचे. ऑक्टोबर १९८६ मध्ये व्हॅटिकनचं पत्र आलं: चर्चच्या शिकवणीशी न जुळणाऱ्या अशा गटांना चर्चच्या जागा वापरू देऊ नका. त्यावर सही होती कार्डिनल रात्सिंगर यांची, पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे. मार्च १९८७ मध्ये झेवियर चर्चमधली त्यांची मिस्सा बंद झाली. मग यातले काहीजण कॅथेड्रलच्या मिस्सेला जाऊ लागले. प्रवचन सुरू झालं की उठून उभं राहायचं आणि ते संपेपर्यंत तसंच, तोंडातून अवाक्षर न काढता. भांडण म्हणायचंच तर याला म्हणा. पण ज्याला मिस्सेचं काही वाटत नाही तो मिस्सा बंद झाल्यावर घरी जाऊन झोपतो, दुसरीकडे मिस्सेला जाऊन उभा राहत नाही.

शिवाय त्याच शहरात, ग्रीनिच व्हिलेजमधल्या सेंट व्हिन्सेंट इस्पितळात १९८४ पासून एड्सच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग होता. ते इस्पितळ सिस्टर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक संन्यासिनींचं. मोर्चात ओरडणाऱ्यांपैकी कितीतरींचे मित्र तिथल्या खाटांवर गेले. राग आणि जिव्हाळा एकाच माणसाच्या पोटात असू शकतो, हे आपल्या घरातल्या भाऊबंदकीकडे बघून तरी कळायला हवं.

‘पाश्चात्त्य खूळ’ यावर फार शाई खर्चायची गरज नाही. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हेच साहेबाने आणलं, १८६० च्या दंड संहितेतून, मेकॉलेच्या मसुद्यावरून. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा जिवंत केलं, तेव्हा बहुतेक धर्मांचे पुढारी खूश झाले होते. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं, की समलिंगी माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होता, तोही त्यांनी लपवला नाही. सगळेच ख्रिस्ती त्यांच्या बाजूने होते असंही नाही. २०१८ च्या सुनावणीत केरळची अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि ओडिशाची उत्कल ख्रिश्चन कौन्सिल कलम राहू द्या म्हणत न्यायालयात उभ्या होत्या. ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. आणि गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स? पद्मश्री मिळालेले, पोर्तुगीजपूर्व गोव्याच्या वेशभूषेपासून कुणबी साडीपर्यंत सगळं उकरून काढणारे, जोडीदाराबरोबर उघडपणे राहणारे. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले तेव्हा अंत्यविधी झाला तो त्यांच्या कोलवाळ गावच्या चर्चमध्येच. हा माणूस पाश्चात्त्य होता असं म्हणायला कोलवाळमध्ये कुणी धजेल असं वाटत नाही.

आता ओस पडलेल्या चर्चेसचं. इथे मेसेजवाल्याने अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचं उदाहरण घेतलंय: २०१९ ते २०२३ या काळात तिथल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. आकडा बरोबर. फक्त त्या बाहेर पडल्या तेव्हा चर्चचे नियम सैल झालेले नव्हते. ‘समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत’ हे १९७२ पासूनचं वाक्य मे २०२४ मध्ये, शार्लट शहरातल्या परिषदेत ५२३ विरुद्ध १६१ मतांनी काढून टाकलं गेलं. बदलाच्या भीतीने लोक आधीच गेले होते, एवढं म्हणता येईल, आणि ते नुकसान खरं आहे. पण त्याच देशात सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी या प्रश्नावर तसूभर भूमिका बदलली नाही. त्यांचे सभासद २००६ च्या १ कोटी ६३ लाखांवरून २०२३ मध्ये १ कोटी ३० लाखांच्या खाली आले. लोक चर्चपासून दूर का जातात याची कारणं बरीच आहेत. सगळं खापर एकाच डोक्यावर फोडणं सोयीचं आहे, एवढंच.

उलट उदाहरणही देतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात मोस्ट होली रिडीमर नावाचं जुनं कॅथलिक चर्च आहे. १९७० च्या दशकात तिथली आयरिश कुटुंबं उपनगरांत निघून गेली, मागे उरल्या म्हाताऱ्या बायका. वस्ती समलिंगी पुरुषांची झाली. ८० च्या दशकात हे पुरुष त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बाकांवर येऊन बसू लागले. एड्सची साथ आली तेव्हा चर्चमध्ये मदतगट उभा राहिला, आणि सिस्टरांच्या रिकाम्या पडलेल्या मठात १९८७ मध्ये मरणासन्न रुग्णांसाठी शुश्रूषागृह सुरू झालं. ज्या आजींना रस्त्यावर या पोरांकडे बघवत नव्हतं, त्यांचं हेच धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. या चर्चला गर्दी कुणी आणली, ते मेसेज पाठवणाऱ्यांनीच सांगावं.

‘वेगळं चर्च काढा’ हा सल्ला छान आहे, फक्त पन्नासहून जास्त वर्षं उशिरा आलाय. ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल प्रचारक. समलिंगी म्हणून त्यांना चर्चमधून काढलं. ६ ऑक्टोबर १९६८ ला त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरातच उपासना घेतली, जमलेली माणसं बारा. समलिंगींच्या हक्कांची चळवळ जिच्यापासून धरतात ती न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधली प्रसिद्ध दंगल त्याच्याही नंतरची, जून १९६९ ची. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या चळवळीच्या आधी हे लोक भजनाचं पुस्तक उघडून बसले होते. यातून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं.

काढलं वेगळं चर्च. पुढे काय झालं? २४ जून १९७३, रविवार. न्यू ऑर्लिन्समधल्या या चर्चची मंडळी नेहमीप्रमाणे ‘अपस्टेअर्स लाउंज’ नावाच्या बारमध्ये जमली होती. बार वरच्या मजल्यावर, खिडक्यांना गज. कुणीतरी जिन्याला आग लावली. ३२ माणसं गेली, त्यात पाळक बिल लार्सनही. कुणालाही शिक्षा झाली नाही. शहरातल्या एकामागून एक चर्चने शोकसभेला जागा द्यायला नकार दिला. एपिस्कोपल चर्चचे एक धर्मगुरू, विल्यम रिचर्डसन, यांनी छोटी प्रार्थना घेतली, तर त्यांच्या बिशपने त्यांना फटकारलं आणि घरी शिव्यांची पत्रं आली. पुढच्या रविवारी एका मेथडिस्ट चर्चने दार उघडलं. कॅथलिक आर्चडायोसिसला खेद व्यक्त करायला २०१३ उजाडलं. वेगळं चर्च काढलं तरी मेल्यावर बाकीच्या चर्चेसची दारं वाजवावीच लागतात, आणि ती बंद असतात, हा त्या शहराचा अनुभव.

उरला शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते हाच खरा. ‘आपल्याकडे कुणी हाकलत नाही, अवघडलेपणा त्यांच्या मनाचा.’ यातलं पहिलं अर्धं बहुतांशी खरं आहे. आमच्याकडे कुठल्या फादरने कुणाला दारातून परत पाठवल्याचं मीही ऐकलेलं नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात तर अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने वागवा, अन्याय्य भेदभाव टाळा, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच्याच आधीच्या परिच्छेदात त्यांची कृत्यं मुळातच बिघडलेली आहेत असंही लिहिलंय. बाकावर बसलेल्या माणसाला हे दोन्ही परिच्छेद ठाऊक असतात. आज व्यासपीठावरून यातला कुठला ऐकू येणार, एवढंच ठाऊक नसतं.

माझ्या ओळखीचा एकजण चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. लग्नाच्या हंगामात त्याला शनिवार-रविवार सवड नसते. प्रवचनात ‘आजकालची कुटुंबं’ असे शब्द आले की तो पुढच्या गाण्याची पानं चाळायला लागतो, गाणं पाठ असलं तरी. मिस्सा सुटल्यावर आवारात मावशी-काकू गाठतात, ‘दुसऱ्यांच्या लग्नात किती वाजवशील रे, तुझं कधी?’ त्यांच्या बोलण्यात विखार नसतो, प्रेमच असतं. तोही हसून ‘बघू’ म्हणतो. त्याचं मन त्याला खात नाही. लोकांना कळलं तर कीबोर्ड हातात राहील का, याचा तो हिशेब करत असतो, आणि त्याचं उत्तर त्याला सांगणारं कुणी नाही.

गप्प बसणं म्हणजे स्वागत, असं आपण धरून चालतो. मँचेस्टरच्या डिड्सबरी भागातल्या एका अँग्लिकन चर्चचंही असंच होतं. चर्च प्रेमळ, कुणाविरुद्ध कधी ब्र नाही, पण या विषयावर बाजूनेही ब्र नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच चर्चमधल्या १४ वर्षांच्या मुलीने आपला जीव संपवला. आपण समलिंगी आहोत आणि देवाचेही आहोत, हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं, या ओझ्याखाली ती होती, हे नंतरच्या चौकशीत पुढे आलं. आईवडिलांनी तिला जवळच घेतलं असतं. चर्चनेही घेतलं असतं, असं तिथले लोक म्हणाले. तिला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्या चर्चने नंतर आपली भूमिका ठरवून जाहीर केली. काही कुटुंबं सोडून गेली, काही नवी आली.

सगळे एलजीबीटी ख्रिस्ती एकाच उत्तराची वाट बघतात असंही नाही. ‘करेज’ हा गट १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्येच सुरू झाला. त्यातले समलिंगी कॅथलिक चर्चची शिकवण जशीच्या तशी मानून ब्रह्मचर्य पाळतात. डिग्निटीवाल्यांशी त्यांचं पटत नाही. पण चर्चमध्ये आपली जागा असावी, हे दोघांनाही हवं असतं.

निदान कॅथलिकांपुरती काही उत्तरं तयार आहेत. ब्राझीलच्या एका बिशपने विचारलेल्या प्रश्नांना व्हॅटिकनने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या टिपणात उत्तरं दिली, पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने. ट्रान्स व्यक्तीला इतरांसारखाच स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेता येतो, त्यातून गोंधळ किंवा बभ्रा होणार नसेल तर. समलिंगी जोडप्याने वाढवलेल्या बाळाचाही होऊ शकतो, बाळ श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असेल तर. जोडीदारासोबत राहणाऱ्या समलिंगी व्यक्तीला चर्चमधल्या लग्नात साक्षीदार व्हायला चर्चच्या कायद्यात आडकाठी नाही. अटी आहेत, पळवाटाही आहेत, आणि हे टिपण क्रांती वगैरे नाही. पण कीबोर्ड वाजवणाऱ्या माणसाला बहिणीच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करता येईल का, याचं उत्तर त्यात सरळ ‘हो’ आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणी धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळावर असेल, तर पुढच्या बैठकीत हे टिपण वाचायला घ्यावं. फार लांब नाही, व्हॉट्सअॅपवर आलेल्या त्या मजकुरापेक्षा थोडंसंच मोठं असेल.