तासाभरात कायाक शिकलेल्या वाचकास

'कोकणी दर्यावर्दी' या नावाने आलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. खाली उत्तर लिहायला बसलो तर ते आवरेना, म्हणून इथे स्वतंत्र टाकतोय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कायाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने (पॅडलने) चालवायची अरुंद नाव, शिकायची तर आधी चांगला प्रशिक्षक शोधा, पहिल्याच दिवशी उलटायला आणि परत चढायला शिका, आणि मग निदान महिनाभर एकाच शांत पाण्यावर सराव करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर दर्यावर्दी म्हणतात:

"पुण्यात बसून समुद्राचं ज्ञान पाजळणारे शहाणे हल्ली फार झालेत. केवढा तो लांबलचक लेख! कायाक म्हणजे प्लास्टिकची होडी, त्यात शिकायचं काय असतं? सायकलला कोणी कोर्स लावतं का? मी तारकर्लीला तासाभरात शिकलो, फोटो जोडलाय. तुमच्या दोन दिवसांच्या कोर्सची फी सामान्य माणसाला परवडत नाही. आणि ज्याला पोहताच येत नाही त्याने काय करायचं, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. उगाच घाबरवून आमच्या पोरांच्या पोटावर पाय देऊ नका."

आधी भाषेबद्दल. इतकी वर्षं इथे लिहितोय, वाद पुष्कळ झाले, पण मी कुठल्या वाचकाला 'पाजळणारे' वगैरे म्हटल्याचं दाखवून द्यावं. मतभेद असावेत, जरूर असावेत. 'मला पटलं नाही' एवढं म्हणूनही भागतं. ज्ञान पाजळायचंच असतं तर त्याला पुण्यात जागांची कमी नाही, त्यासाठी रात्री जागून ब्लॉग लिहायची गरज पडत नाही.

दुसरं, 'पुण्यात बसून'. पुण्यात मी नोकरीमुळे राहतो. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. मामाची उलांडीची (बाजूला तोलासाठी लाकूड बांधलेली) होडी होती, आणि सुट्टीत तिच्यात पाणी उपसायचं काम माझ्याकडे असे. वल्हं हातात मिळायला फार काळ जावा लागला, कारण मामा आधी काठावर उभं करून विचारायचा: आज उधाण की भांग (मोठी भरती की लहान)? पाणी चढतंय की उतरतंय? उत्तर चुकलं की होडीत जागा नाही. आणि अर्ध्या वाटेत कधी 'वारो सुटलो हा, मागे फिर' म्हणाला की हुज्जत नसे. तेव्हा समुद्राशी माझी ओळख नकाशावरून झाली आहे असा जो आपला समज दिसतो, तो कृपया दुरुस्त करून घ्यावा. कोकण ही कोणा एकाची खासगी मालमत्ता नाही.

लेख लांब होता, हे मात्र मान्य. स्प्रे-स्कर्टचा, म्हणजे कमरेला बांधून नावेचं तोंड झाकणाऱ्या आवरणाचा, भाग तर सिट-ऑन-टॉपवर (जिच्या आत नाही, वर बसतात अशा कायाकवर) बसणाऱ्यांना लागतच नाही, तो वेगळा काढता आला असता. चांगल्या टीकेचं मी नेहमीच स्वागत करतो.

आता तुमचं मुख्य वाक्य: 'मी तासाभरात शिकलो.' काय शिकलात? हे मी खवचटपणे विचारत नाहीये. (थोडंसं विचारतोय.) तासाभरात माणूस सपाट पाण्यावर नावेला पुढे न्यायला शिकतो, आणि तेही तिने मनावर घेतलं तर. भाड्याच्या सिट-ऑन-टॉप कायाका बहुतेक पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतात. सी-कायाक साधारण ५५ सेंटिमीटर, आणि शर्यतीची एकट्याची कायाक, के-१, तर चाळीस सेंटिमीटरच्या जेमतेम पुढे. पाऊण मीटर रुंदीच्या तराफ्यावर तुम्ही तासभर पडला नाहीत याचं श्रेय प्लास्टिकच्या साच्याला जातं. शिवाय ही रुंदी दुधारी आहे. जी नाव सुलटी असताना हलत नाही, ती उलटी झाल्यावरही तितकीच निवांत पडून राहते. भर पाण्यात, पायाला तळ लागत नसताना, एकट्याने ती सुलटी करून वर चढून दाखवा. छाती टेकवायची, पाय मागे पाण्याच्या पातळीला आणून जोरात मारायचे, पोट वर घ्यायचं, मग कूस बदलून बसायचं आणि पाय सगळ्यात शेवटी. बहुतेकांचे पाय नावेखाली जातात आणि माणूस नुसता कडेला लोंबकळतो. दोन-तीनदा असं झालं की दंडातली ताकद संपते, आणि मग लाइफ जॅकेट घातलेला, नावेला धरलेला, पण काहीच करू न शकणारा एक माणूस उरतो. हे तासाभरात शिकवलं होतं का तुम्हाला?

सायकलचं म्हणाल, तर सायकलवरून पडलं की जमीन लागते आणि सायकल तिथेच पडून राहते. इथे तुम्ही पडता आणि नाव वाऱ्याबरोबर निघून जाते, कारण रिकामी सिट-ऑन-टॉप हलकी असते आणि पाण्याच्या वर बरीच उचललेली असते. पोहत तिला गाठणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जड जातं. म्हणून उलटल्याक्षणी पहिला हात नावेला, दुसरा पॅडलला. हे प्रतिक्षिप्त झालं पाहिजे, आणि ते सांगून होत नाही, दहादा पडून होतं.

आणि वारा. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना आपण? सकाळी पर्यटक किनाऱ्यावर येतो तेव्हा बरेचदा मतलई वाहत असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. सुरूच्या बनाच्या आडोशाला पाणी आरशासारखं असतं. नवखा माणूस म्हणतो, वा, काय शांत आहे! आडोसा संपला की पाठीमागून वारा लागतो, नाव झकास पळते, आणि आपल्याला फार छान जमतंय असं वाटू लागतं. वळल्यावर कळतं. म्हणून शिकाऊ माणसाने आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर वाऱ्याने परत यायचं. हे मी कुठे पुस्तकात वाचून लिहिलं नाही, मामाही हेच करायचा, त्याला फक्त 'ब्लॉग' हा शब्द माहीत नव्हता.

तारकर्लीचंच बोलायचं तर देवबागला कार्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी ओहोटीला बघा. खाडी रिकामी होत असते, प्रवाह बाहेर ओढतो, आणि समोरून येणारी लाट त्या प्रवाहावर आदळून उभी राहते. भरतीला ज्या जागी पोरं हसतखेळत पॅडल मारतात, त्याच जागी काही तासांनी नवख्याला नाव वळवताही येणार नाही. तुमचा 'तास' भरतीचा होता की ओहोटीचा, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्याबरोबरच्या पोराला नक्की ठाऊक होतं. त्याने विचार केला म्हणून तुमचा तास मजेत गेला, आणि श्रेय तुम्ही घेतलंत.

तुम्ही अभिमानाने जोडलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पॅडलची खोलगट बाजू आपल्याकडे असायला हवी, तुमची समोर आहे. पात्याची लांब कड वर हवी, तुमची आखूड कड वर आहे, म्हणूनच पात्यावरचं कंपनीचं नाव डोक्यावर उभं दिसतंय. जॅकेटचं खालचं बक्कल उघडं आहे. तसं जॅकेट पाण्यात पडलं की कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस हनुवटी वर करून त्यातच गुंततो. हे मी हिणवायला लिहीत नाही. पण ज्याने शिकवलं त्याच्या नजरेतून हे सुटलं, आणि ज्याने शिकलं त्याच्याही, आणि मग तोच फोटो माझ्याकडे पुरावा म्हणून आला!

मी स्वतः कसा शिकलो ते सांगतो, म्हणजे तुलना होईल. सुरुवात पुण्यात नदीवरच्या एका क्लबात, तिथे कोणी शिकवलं असं म्हणता येणार नाही, नाव दिली आणि 'जा' म्हणाले. लोणावळ्याकडच्या एका धरणावर तर मला तुटक्या पट्ट्याचं जॅकेट देऊन 'सर, काही होत नाही' असंही ऐकवलं गेलंय. नंतर ऋषिकेशला गेलो. तिथल्या प्रशिक्षकाने आम्हाला पहिला दिवसभर खळाळत्या पाण्याजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. वाळूच्या काठाला गंगेचं पाणी जिथे संथ होतं तिथे छातीएवढ्या पाण्यात तो शेजारी उभा राहायचा आणि नाव उलटवायचा. नियम असा की खाली लोंबकळत असताना दोन्ही हात वर काढून नावेच्या बुडावर तीनदा थापा मारायच्या. सावकाश. घाईने मारल्या तर पुन्हा. मग पुढे वाकायचं, स्कर्टचा पट्टा चाचपून पुढच्या दिशेला खेचायचा, हात कमरेशी आणून पँट काढावी तशी नाव ढकलून द्यायची. बुजलेला माणूस मागे रेलतो, गुडघे आत अडकतात आणि पट्टा हाताला लागत नाही, म्हणून पुढे वाकायचं. पाणी असं थंड की कवटी दुखायची. त्या तीन थापांचा उपयोग मला नंतर समजला: घाबरलेल्या डोक्याला त्या सांगतात की वेळ आहे.

असा माणूस शोधा, एवढंच मी म्हटलं होतं. त्याच्या भिंतीवरचे कागद बघा, पण नीट बघा. अमेरिकन कनू असोसिएशन ही १८८० सालची संस्था प्रशिक्षकांना पाच पातळ्यांवर प्रमाणित करते, आणि पहिल्या पातळीचा माणूस तळ्यावर शिकवण्यासाठी असतो, समुद्रावर नेण्यासाठी नव्हे. ब्रिटिश कनुइंगच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या पॅडल यूकेच्या, अभ्यासक्रमांतही पाण्याच्या प्रकाराप्रमाणे असेच भेद आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं जीवरक्षकाचं प्रमाणपत्र असेल तर उत्तमच, पण ते वाचवण्याचं आहे, शिकवण्याचं नाही. आणि कागद कुठलाही असो, 'तुम्ही मला आज उलटवणार का?' हा प्रश्न विचाराच. त्यावर जो हसतो त्याच्याकडे नाव भाड्याने घ्या, शिकू नका. एकामागे पाच-सहाच्या वर विद्यार्थी घेणाऱ्याकडेही नको, कारण दोघं एकदम उलटले तर तो एकाकडेच जाणार.

सरावाबद्दल तुम्ही 'तळ्यात गोल गोल' असा काही शब्द वापरला नाहीत, पण तुमचा सूर तोच होता. तर सांगतो. आठच्या आकड्यात नाव फिरवणं, सुकाणूशिवाय सरळ रेषेत जाणं, चार हातांत थांबवणं, ड्रॉ मारून (पॅडलने नाव बाजूला ओढून) धक्क्याला आडवं लागणं, हे तळ्यावरच पक्कं होतं. पॅडल पायाजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेशी काढायचं. ओढायचं ते धडाने, दंडाने नाही, नाहीतर संध्याकाळी जेवताना हात तोंडापर्यंत जात नाही. भोपाळच्या तलावावर घाम गाळून प्राची यादव टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत गेली. तळं म्हणजे पोरखेळ, हे तिला जाऊन सांगा. आणि ज्यांना तळ्याचा कंटाळा येऊन थेट कोलाडला कुंडलिकेत उतरायचंय त्यांनी हे लक्षात ठेवावं की तिथलं पाणी भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलं जातं, म्हणजे ते तुमच्या तयारीची वाट बघत नाही. काठाच्या झाडाझुडपांतून पाणी गाळून निघतं, माणूस निघत नाही.

पोटावर पाय देण्याचा आरोप मला लागला, लपवत नाही. ज्या लेखात मी दोनदा लिहिलंय की भरती-ओहोटी जाणणारा स्थानिक पोरगा शहरी प्रमाणपत्रवाल्यापेक्षा केव्हाही बरा, तो लेख आपण पूर्ण वाचलात का, अशी शंका येते. त्या पोरांनी तासाऐवजी दिवसभर शिकवावं आणि दिवसाचे पैसे घ्यावेत, यात त्यांच्या पोटावर पाय कुठे येतो?

फीचा मुद्दा: त्यावर बोलण्यासारखं फार नाही. स्वस्तात शिकवणारेही आहेत, शोधावे लागतात.

पोहता न येणाऱ्यांचं म्हणाल, तर लेख कायाकवर होता, पोहण्यावर नव्हता. तो स्वतंत्र विषय आहे, कधीतरी लिहीन. तोवर जॅकेटचं खालचं बक्कल लावत जा. आणि यावर आणखी काही म्हणायचं असेल तर स्वतःच्या नावाने म्हणा, टोपणनावांना उत्तरं देणं मी आजपासून बंद करतोय.