कान जिओचं कांदळवन आपोआप का आलं नसतं

तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. ठाण्याच्या खाडीत कुणी न लावता तिवरं माजतात, मग व्हिएतनाममध्ये सायगॉन (आताचं हो ची मिन्ह शहर) जवळच्या कान जिओमध्ये युद्धानंतर लागवडीचा खटाटोप कशाला? एकाच जातीची झाडं रांगेत लावली की ते जंगल होतं का? आणि मातीत विष असताना त्याला पुनरुज्जीवन म्हणणं ही धूळफेक नाही का? दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पहिला मात्र नाही.

ठाण्याच्या खाडीत माजते ती मुख्यतः तिवर. ती तोडली तरी बुंध्यातून फुटते, शिवाय गाळ साचेल तिथे बी टाकायला मोठी झाडं काठावर उभीच असतात. कान जिओमध्ये मात्र कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या जातीचं राज्य होतं. कांदळाच्या जुन्या फांद्यांवर सुप्त डोळे (नवे फुटवे देणारे कोंब) उरत नाहीत, त्यामुळे पानं झडली की झाड मेलंच. सायगॉनला जाणाऱ्या जहाजांवर लाँग ताऊ नदीच्या वाटेत हल्ले होत, म्हणून अमेरिकेने विमानांतून तणनाशकं फवारली आणि सुमारे 40,000 हेक्टरांपैकी निम्म्याहून जास्त कांदळवन गेलं. बी देणारी झाडंही त्यातच गेली. उरलेली खोडं आणि नवी झुडपं सरपणासाठी तोडली जात होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 1974 मध्ये अंदाज दिला होता की, हाच वापर आणि नैसर्गिक प्रसाराचा हाच वेग राहिला तर इथल्या खारफुटीला परतायला शंभराहून बरीच जास्त वर्षं लागतील.

जमीनही वाट पाहत थांबत नाही. खाजणातल्या चिखलात लोह आणि गंधकाचं संयुग असतं. पाण्याखाली ते निरुपद्रवी असतं, पण सावली गेली, चिखल वाळून भेगाळला आणि हवा आत शिरली की त्याचं गंधकाम्ल होतं. उंचवट्यांवर मग सागरी नेचे आणि शिंदीसारखी काटेरी झुडपं दाट पसरतात. त्यांच्या गर्दीत कांदळाची शेंग (झाडावरच अंकुरून लांब झालेलं बी) चिखलापर्यंत पोचतच नाही.

म्हणून 1978 पासून व्हिएतनामच्या दक्षिण टोकाच्या का माऊहून होड्यांनी शेंगा आणून लावल्या. काम दिसायला सोपं आहे: शेंगेचा साधारण एक तृतीयांश भाग चिखलात खोचायचा, कोंबाचं टोक वर. पण शेंग पिकलेली हवी. या जातीत गळ्याशी लालसर कडं दिसलं की ती तयार. हिरवी तोडलेली शेंग कुजते. वाहतुकीत ढीग तापला तरी नासते, म्हणून सावली आणि ओल सांभाळावी लागते. भोकं पडलेली बाजूला काढायची, कारण आत भुंगेरा असतो. ताज्या शेंगा खेकडे कुरतडतात. काही दिवस सावलीत ठेवल्या तर नुकसान कमी होतं. सगळ्यात जास्त चुकते ती उंची. फार वर लावलं तर उधाणाखेरीज पाणी मिळत नाही, फार खाली लावलं तर लाटा उपटतात किंवा कालवांसारख्या चिकटणाऱ्या शिंपल्यांच्या ओझ्याने रोप आडवं होतं. मधल्या पट्ट्यात, जिथे रोजची भरती येऊन ओसरते, तिथेच ते धरतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. एक बाय एक मीटरवर हेक्टरी 10,000 शेंगा बसतात, आणि काही ठिकाणी त्याहून दाट लावल्या. सरपणाची निकड आणि बियाण्याची उपलब्धता पाहता एकच जात निवडणं समजण्यासारखं होतं, पण विरळणी लांबली की झाडं काठीसारखी उंच वाढतात, छत्राखाली दुसरं काही उगवत नाही आणि वादळात पट्टेच्या पट्टे आडवे होतात. विविधता आली ती बहुतेक न लावलेल्या जागी: नव्या गाळावर तिवर आणि चिप्पी (पांढरी चिप्पी म्हणजे आपला राज्य कांदळवृक्ष), वीज पडून झालेल्या मोकळ्या वर्तुळांत आपोआप उगवलेली रोपं. ही वर्तुळं पुन्हा लागवड न करता सोडणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. युनेस्कोने 2000 मध्ये दिलेला जीवावरण क्षेत्राचा दर्जा लागवडीला मिळालेलं प्रमाणपत्र नव्हे, हेही मान्य.

विषाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. झाडं मारणारी तणनाशकं तुलनेने लवकर विघटित होतात. टिकतो तो त्यातला भेसळीचा डायॉक्सिन, आणि तो गाळाच्या कणांना चिकटतो. त्याचे सर्वांत मोठे साठे फवारलेल्या जंगलांत नाहीत, जिथे पिंपं साठवली आणि सांडली त्या विमानतळांवर आहेत. दा नांगची माती 335 अंश सेल्सिअसला तापवून 2018 पर्यंत साफ केली गेली. बिएन होआचं काम 2019 मध्ये सुरू झालं. हा तळ डोंग नाय नदीकाठी आहे आणि तीच नदी पुढे कान जिओकडे जाते. तेव्हा मोजणी करायची तर झाडांखालच्या मातीइतकीच वरून येणाऱ्या गाळाची आणि तळाजवळच्या तळ्यांतल्या माशांची हवी.