‘सगळे कायनेज बंद करा’ म्हणणाऱ्यांना
“कायनेज हेच ल्युकेमियाचं मूळ. सगळे कायनेज बंद केले की कच्च्या पेशी आपोआप पक्व होतात. काउंट नॉर्मल आला की गोळ्या थांबवा.” हा फॉरवर्ड काल माझ्या मावशीपर्यंत पोचला. (ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग; कायनेज म्हणजे इतर रेणूंना फॉस्फेट जोडून पेशीतली कामं चालू-बंद करणारी प्रथिनं.) तिला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, हळू वाढणारा प्रकार) आहे, इमॅटिनिब ही गोळी चालू आहे. “मग आता गोळी सोडू का रे?” असं तिने विचारलं, म्हणून हे लिहितोय.

सगळे बंद? माणसाच्या शरीरात पाचशेहून जास्त प्रकारचे प्रोटीन कायनेज आहेत. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत जातो तो कायनेजमुळे. लाल पेशी तयार व्हायला जेएके२ हा कायनेज लागतो. तो दाबणाऱ्या रुक्सोलिटिनिब या औषधाने हिमोग्लोबिन उतरतं ते त्यामुळेच. आणि पेशी पक्व व्हायलाही कायनेजच लागतात! एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवल्या जातात. त्यांना फॉर्बॉल एस्टर हे रसायन दिलं की प्रोटीन कायनेज सी हा कायनेज चालू होतो, वाढ थांबते, एरवी तरंगणाऱ्या पेशी भांड्याच्या तळाला चिकटतात आणि मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या पक्व पेशींसारख्या) दिसू लागतात. म्हणजे कायनेज चालू झाल्यावर पेशी पक्व झाल्या. फॉरवर्डच्या नेमकं उलट.

एवढं मान्य, की एएमएलमध्ये (वेगाने वाढणाऱ्या एका ल्युकेमियात) बिघडलेला एफएलटी३ हा कायनेज गिल्टेरिटिनिब या औषधाने दाबला तर काही रुग्णांच्या कच्च्या पेशी पक्व होतात. पण तो एक ठरावीक कायनेज झाला, सगळे नव्हेत. एपीएल या एएमएलच्याच एका प्रकारात तर पेशींना अडवून धरणारं पीएमएल-आरएआरए हे प्रथिन कायनेजच नाही.

मावशीच्या सीएमएलमध्ये, सुरुवातीच्या टप्प्यात, पेशी पक्व होतातच. बीसीआर-एबीएल या कायनेजमुळे त्या बेसुमार वाढतात. इमॅटिनिब त्यालाच रोखतं.

आता ‘काउंट नॉर्मल आला की थांबवा’. सगळ्यात घातक वाक्य हे. काउंट सुधारला तरी बीसीआर-एबीएल असलेल्या पेशी शिल्लक असतात; त्या पीसीआर या जनुकीय तपासणीत दिसतात, साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) नाही. फ्रान्समधल्या ‘स्टिम’ चाचणीत (लॅन्सेट ऑन्कॉलॉजी, २०१०) निदान दोन वर्षं पीसीआरमध्येही काही सापडलं नव्हतं अशांचीच गोळी थांबवली. तरी किमान वर्षभर लक्ष ठेवलेल्या ६९ जणांपैकी ४२ जणांत आजार परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांत. वारंवार पीसीआर होत होती म्हणून तो वेळेत कळला आणि गोळी पुन्हा चालू करून आटोक्यात आला. फॉरवर्डमध्ये पीसीआरचं नावही नाही.