ई ईडलिंबूचा नव्हे

उत्तर फ्रान्समधल्या सॉम जिल्ह्यात एक गाव आहे. नाव ई. संपलं नाव. लिहायचं रोमन 'वाय' या एकाच अक्षराने. फ्रान्समध्ये याहून आखूड नावाचं गाव नाही. हे कळल्यावर मला तिथे जायची दुर्बुद्धी झाली.

टॅक्सीच्या ॲपात 'वाय' टाकलं. ॲप म्हणे, किमान तीन अक्षरं हवीत. तीनदा वाय टाकलं, तर असं ठिकाणच नाही! शेवटी मुकाट्याने आमचं तिकीट काढलं. आमचं म्हणजे माझंच. जवळच्या गावाचं स्पेलिंग हॅम, पण फ्रेंच लोक ह गिळतात, म्हणून आम.

आमच्या किल्ल्यात नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन जवळपास सहा वर्षं कैदेत होता. 1846 मध्ये मजुराचे कपडे घालून, खांद्यावर फळी टाकून, पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून निसटला आणि पुढे सम्राट झाला. पेटारे आठवून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. किल्ला मात्र 1917 मध्ये जर्मनांनी माघार घेताना उडवून दिला. या पट्ट्यातली गावं पाडली, विहिरी नासवल्या, फळझाडंसुद्धा सोडली नाहीत.

तिथून पुढे पायपीट. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, कडेला शुगरबीटचे ढीग, सावलीला झाड म्हणून नाही.

ईची वस्ती शंभराच्या आतबाहेर. आपल्याकडे एवढ्या वस्तीची गट ग्रामपंचायत करून टाकतील, पण 1789 च्या क्रांतीपासून इथे प्रत्येक गावाला आपला महापौर लागतो. असे महापौर देशभरात पस्तीसेक हजार! गावाला एक अक्षर पुरतं, गावकऱ्यांना मात्र 'इप्सिलोनियँ' म्हणायचं. आणि जुळं गाव शोधलंय ते वेल्समधलं, अठ्ठावन्न अक्षरी नावाचं. हे स्थळ ज्याने जमवलं, त्याला माझा नमस्कार.

एवढ्यात आईचा फोन.

"कुठे आहेस?"

"ईमध्ये."

"ई काय? कशात पाय पडला?"

"अगं, गावाचं नाव आहे."

"मग पूर्ण सांग की. ई, आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"नेटवर्क जातंय तुझं. रस्त्याच्या कडेला हो आणि बोल."

आज्ञाधारकपणे कडेला झालो. बीटच्या शेतातला चिखल बुटात शिरून थेट घोट्यापर्यंत चढला.

"ईऽऽ!"

"बघ," आई म्हणाली, "मी तेच विचारत होते."